पॅम्पास गवत : फुलदाणीतून कुरणाकडे

गेली काही वर्षे लग्नसमारंभांच्या सजावटीत एक नवा पाहुणा दिसू लागला आहे. व्यासपीठाच्या दोन्ही बाजूंना हातभर लांबीचे, कापसासारखे मऊ, फिकट बदामी रंगाचे तुरे खोवलेले असतात. उसाच्या तुऱ्याचा हा थोरला भाऊ वाटावा असे त्यांचे रूप असते. सजावट करणाऱ्याला विचारले तर तो 'पॅम्पास' एवढेच सांगतो. असा एक तुरा वर्गात नेला असता एका विद्यार्थ्याने आम्हाला विचारले, "हे गवत दोन पुरुष उंच वाढतं म्हणता, मग ते गुरांना का नाही घालत?"

प्रश्न शेतकऱ्याच्या घरातला होता आणि अगदी रास्त होता. 'ते शोभेचं गवत आहे' असे उत्तर देऊन तो उडवून लावता आला असता, पण ते उत्तर नव्हे. गवताला आपण शोभेचे आहोत की चाऱ्याचे आहोत हे ठाऊक नसते. तो भेद आपण करतो. शिवाय हाच प्रश्न आमच्या विद्यार्थ्याच्या आधी काही सरकारी खात्यांनी आणि पशुपालकांनी विचारला होता. त्यांनी त्याचे उत्तर 'घालता येईल' असे काढले आणि त्याप्रमाणे लागवडही केली. पुढे काय झाले, त्याची ही हकिकत आहे.

प्रथम या वनस्पतीची ओळख करून घेऊ. शास्त्रीय नाव कॉर्टाडेरिया सेलोआना. दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिना, उरुग्वे आणि दक्षिण ब्राझील हा तिचा मुलूख. अर्जेंटिनाच्या विस्तीर्ण सपाट गवताळ प्रदेशाला पॅम्पास म्हणतात, त्यावरून इंग्रजी बोलणाऱ्यांनी तिला पॅम्पास गवत म्हटले. नावावरून सारा पॅम्पास याच गवताने भरलेला असेल असे वाटते. तसे नाही. ते मुख्यतः सखल, ओलसर जागी, ओढ्यानाल्यांच्या आणि नद्यांच्या काठी वाढते. त्याचा ठोंब वर्षानुवर्षे टिकतो आणि रुंद होत जातो. पाने दीड-दोन मीटर लांब, अरुंद आणि खाली वाकलेली. त्यांच्यामधून दोन ते चार मीटर उंचीचे दांडे वर येतात आणि त्यांच्या टोकाला ते प्रसिद्ध तुरे लागतात.

ज्यांच्या अंगणात हे गवत उगवत होते, त्या लोकांनी मात्र त्याला तुऱ्यावरून नाव दिले नाही. अर्जेंटिनातील स्पॅनिशमध्ये त्याचे नाव 'कोर्तादेरा', म्हणजे कापणारी. नाव पानावरून पडले आहे. लंडनजवळच्या क्यू उद्यानातील वनस्पतिशास्त्रज्ञ ओटो स्टाफ यांनी १८९७ मध्ये या गवतांसाठी स्वतंत्र प्रजाती मानली, तेव्हा हेच लोकनाव लॅटिन वळणाने घेऊन तिला 'कॉर्टाडेरिया' म्हटले. गुराख्याच्या बोटाला झालेली जखम अशी वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथात जाऊन बसली.

पान कापते ते का, हे वर्गात सहज दाखवता येईल. पॅम्पास गवत मिळण्याची गरज नाही. गवती चहाचे किंवा उसाचे पान पुरे. पानाच्या कडेवरून बुडाकडून टोकाकडे बोट अगदी हलके फिरवा. फारसे काही जाणवणार नाही. आता टोकाकडून बुडाकडे फिरवा (येथे जपून; शिक्षकांनी आधी स्वतः करून पाहावे). कड करवतीसारखी लागेल. भिंगातून पाहिल्यास टोकाच्या दिशेने झुकलेले बारीक दात दिसतील. गवते जमिनीतून विरघळलेली सिलिका शोषून घेतात आणि पानांच्या पेशींत, विशेषतः कडांवरच्या या दातांत, ती साठवतात. वाळू आणि काच ज्याची बनते तोच हा पदार्थ. पॅम्पास गवताच्या पानाची कड उसाच्या पानापेक्षाही तिखट असते. या सिलिकेकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

युरोपला या गवताची ओळख करून दिली ती फ्रीडरिश सेलो या जर्मन संग्राहकाने. पोट्सडाममध्ये १७८९ साली जन्मलेला हा माणूस १८१४ मध्ये ब्राझीलला गेला आणि ब्राझील व उरुग्वेचा मुलूख पालथा घालत हजारो वनस्पतींचे नमुने त्याने युरोपात पाठवले. परत मात्र तो आला नाही. १८३१ मध्ये रिओ डोसे नदीत बुडून त्याचा अंत झाला. 'सेलोआना' हे नाव त्याच्या स्मरणार्थ आहे. पण ते या गवताचे पहिले शास्त्रीय नाव नव्हे. पहिले नाव १८२५ मध्ये कुर्ट श्प्रेंगेल यांनी दिले होते, ते 'अरुंडो डायोइका'. डायोइका म्हणजे दोन घरे असणारी, अर्थात नर आणि मादी फुले वेगवेगळ्या झाडांवर असणारी, जशी आपल्याकडे पपई असते. गवतांमध्ये ही गोष्ट विरळाच आहे, म्हणून ती नावातच घालावी असे श्प्रेंगेल यांना वाटले असेल. पण लुरेरो या पोर्तुगीज वनस्पतिशास्त्रज्ञाने १७९० मध्येच दुसऱ्या एका गवताला नेमके हेच नाव दिलेले निघाले. एक नाव दोन वनस्पतींना चालत नाही. त्यामुळे १८२७ मध्ये शुल्टेस पितापुत्रांनी नाव बदलून 'सेलोआना' केले. नियमाप्रमाणे झाले ते बरोबरच झाले. एवढेच की या गवताबद्दलची सर्वांत कामाची माहिती त्याच्या नावातून निघून गेली. तिची गरज पुढे शंभर वर्षांनी पडणार होती.

बागेत हे गवत आले ते जॉन ट्वीडी याच्यामुळे. हा स्कॉटिश माळी वयाच्या पन्नाशीला, १८२५ मध्ये, ब्वेनोस आयरेसला जाऊन स्थायिक झाला आणि तिथून ब्रिटन व आयर्लंडच्या उद्यानांना बिया पाठवत राहिला. १८४० च्या सुमारास त्याने पाठवलेले बी डब्लिनच्या ग्लासनेव्हिन वनस्पती उद्यानात रुजले. तो काळ बागांच्या हौसेचा होता. हिरवळीच्या मधोमध उभा राहणारा रुपेरी तुऱ्यांचा ठोंब लोकांना इतका आवडला की थोड्याच वर्षांत तो श्रीमंतांच्या बागांतून मध्यमवर्गाच्या अंगणापर्यंत पोचला. तेव्हाच्या माळ्यांच्या तोंडी त्याचे नाव 'गायनेरियम अर्जेंटियम' असे होते. अर्जेंटियम म्हणजे रुपेरी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ते कॅलिफोर्नियातील रोपवाटिकांतही विकले जात होते.

कॅलिफोर्नियात त्याचा धंदा झाला. सांता बार्बरा गावाजवळ गोलेटा येथे जोसेफ सेक्स्टन नावाचा रोपवाटिकावाला होता. १८७४ च्या सुमारास त्या भागात तुऱ्यांसाठी या गवताची व्यापारी लागवड सुरू झाली. दिवाणखान्यातील मोठ्या फुलदाण्यांत वाळलेले तुरे ठेवण्याची त्या वेळी फॅशन होती आणि माल युरोपापर्यंत जात होता. सेक्स्टनच्या लक्षात आले की सगळ्या झाडांचे तुरे सारखे नसतात. मादी झाडांचे तुरे अधिक भरदार आणि रेशमी असतात, कारण मादी फुलांवर लांब मऊ केस असतात. दुसऱ्या प्रकारच्या झाडांचे तुरे विरळ आणि राठ असतात. मग व्यापाऱ्याने जे करायचे तेच झाले. मादी झाडांचे ठोंब फोडून त्यांपासूनच लागवड वाढवायची. बियांपासून रोपे केली तर निम्मी झाडे राठ तुऱ्यांची निघतील, मग बी हवे कशाला?

याचा एक परिणाम कोणी ठरवून केलेला नव्हता. मळ्यात सगळ्या माद्याच असल्या तर परागकण येणार कुठून? तुरे फुलत होते, पण बी जवळजवळ धरत नव्हते. त्यामुळे पुष्कळ वर्षे हे गवत लावले तिथेच राहिले. रानात पळाले नाही. एकोणिसावे शतक संपता संपता तुऱ्यांची फॅशन गेली आणि धंदाही बसला. पण लोकांच्या मनात एक समज पक्का होऊन राहिला, की हे मोठे गुणी झाड आहे, कोणाच्या वाटेला जात नाही.

आता १९४६ सालाकडे येऊ. अमेरिकेत १९३० च्या दशकात भयंकर धुळीची वादळे झाली होती. नांगरलेल्या कोरड्या जमिनीवरची माती आभाळात उडून गेली होती. त्या अनुभवातून १९३५ मध्ये मृदसंधारण सेवा हे सरकारी खाते स्थापन झाले. माती धरून ठेवील आणि जमल्यास शेतकऱ्याच्या उपयोगालाही येईल अशा वनस्पतींचा हे खाते शोध घेत असे. दक्षिण कॅलिफोर्नियात पाऊस हिवाळ्यात पडतो. तिथले वर्षायू गवत उन्हाळ्यात वाळून जाते आणि नेमके तेव्हा गुरांना हिरवे काही उरत नाही. अशा ठिकाणी बारमाही, खोल मुळांचे, कोरड्या हंगामातही हिरवे राहणारे गवत कोणाच्याही नजरेत भरेल. १९४६ मध्ये या खात्याने व्हेंचुरा आणि लॉस एंजेलिस या दोन जिल्ह्यांत पॅम्पास गवत लावले. हेतू दोन होते : कोरडवाहू जमिनीवर पूरक चारा आणि मातीची धूप थांबवणे.

या लोकांना मूर्ख ठरवणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. उंच वाढते, बारमाही आहे, दुष्काळ सोसते, तोडले तरी फुटते, आणि गुरे ते खातातही. ही शेवटची गोष्ट खोटी नाही. कोवळे फुटवे गुरे खरोखरच खातात. हिशेब चुकला तो 'खाणे' आणि 'पोसले जाणे' या दोन गोष्टी एकच धरल्यामुळे.

हा फरक आपल्या शेतकऱ्याला नवा नाही, फक्त तो वेगळ्या शब्दांत सांगतो. जून, वाळलेल्या कडब्यावर बैल जगतो, पण दुभती गाय दूध धरत नाही. तिला पेंड लागते. असे का, ते पाहू. रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोटीपोटात सूक्ष्मजीवांची मोठी वस्ती असते. गवतातील सेल्युलोज गाय स्वतः पचवत नाही. हे सूक्ष्मजीव ते फोडतात आणि त्यातून निघालेल्या आम्लांवर, आणि पुढे त्या सूक्ष्मजीवांवरही, गाय जगते. म्हणजे गाय चारते ती आधी आपल्या पोटातल्या या वस्तीला. या वस्तीला वाढायला नायट्रोजन लागतो आणि तो चाऱ्यातील प्रथिनांतून मिळतो. चाऱ्याच्या कोरड्या वजनात प्रथिनांचे प्रमाण सुमारे सात टक्क्यांच्या खाली गेले की सूक्ष्मजीव मंदावतात. मग चारा कोटीपोटात अधिक काळ पडून राहतो आणि पोट रिकामे होत नाही म्हणून जनावर आणखी खाऊही शकत नाही. समोर गवताचा डोंगर आणि जनावर पोट भरूनही उपाशी, अशी ही स्थिती असते.

गवत जून होत जाते तसे तीन गोष्टी एकाच वेळी घडतात. प्रथिनांचे प्रमाण घटते. पेशीभित्तींमध्ये लिग्निन साचते. लाकडाला लाकूडपण देणारा हाच पदार्थ, आणि तो सेल्युलोजभोवती असा बसतो की सूक्ष्मजीवांना आत शिरता येत नाही. आणि सिलिका वाढते. भाताच्या पेंढ्यात सिलिकेचे प्रमाण दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपास असते आणि पेंढा कडब्यापेक्षा निकस मानला जातो त्याचे हे एक मोठे कारण आहे.

येथे कोणी विचारील की आपले हत्ती गवतही दोन पुरुष उंच वाढते, मग ते चांगला चारा कसे? बरोबर आहे; आणि उत्तर कोयत्यात आहे. हत्ती गवत आपण दर दीड-दोन महिन्यांनी कापतो, त्याला खत आणि पाणी देतो आणि कोवळेच खाऊ घालतो. तसे केल्यास त्यात आठ-दहा टक्के प्रथिने मिळतात. कापायचे राहून गेले तर तेच गवत बांबूसारखे होते आणि गुरे त्याचे बुडखे गव्हाणीत तसेच टाकून देतात. डोंगरउतारावरचे कुसळी गवत तर सर्वांच्या परिचयाचे आहे. पावसाळ्यात कोवळे असताना गुरे ते आवडीने चरतात, आणि दिवाळीनंतर त्याची कुसळे तोंडात टोचतात म्हणून टाळतात. म्हणजे चारा हा गवताच्या जातीचा गुण असतो तितकाच त्याच्या वयाचाही असतो.

पॅम्पास गवताची अडचण अशी की त्याचे कोवळेपण फार थोडे आणि जूनपण फार मोठे असते. ठोंबातली पाने वर्षानुवर्षे गळत नाहीत. वाळून तिथेच राहतात. जुन्या ठोंबाचा मोठा भाग असल्या मेलेल्या, कडक, धारदार पानांचा असतो आणि थोडे नवे फुटवे त्या आत दडलेले असतात. गाय जिभेने गवताचा मुठका वेटाळून ओढते. करवतीच्या कडा असलेल्या पानांचा मुठका वेटाळणे तिला सुखाचे नसते. फुटवे मिळवायचे तर आधी ठोंब छाटा किंवा जाळा, मग नेमक्या वेळी गुरे सोडा, आणि पुन्हा जून होण्याआधी परत या. एवढे पाणी, खत आणि कष्ट जिथे करता येतात तिथे शेतकरी त्याहून चांगले गवत लावील. जिथे करता येत नाहीत, म्हणजे नेमके कोरडवाहू माळरानावर, तिथे पॅम्पास गवत केवळ वेळ निभावण्याचा चारा ठरते. कोरड्या जमिनीवर हिरवा चारा या अपेक्षेने जे लावले, ते कोरड्या जमिनीवर चारा म्हणून सर्वांत कमी उपयोगाचे होते.

ही गोष्ट कोणाला ठाऊक नव्हती काय? या गवताच्या मायदेशी ती चांगलीच ठाऊक होती. अर्जेंटिनातील पशुपालक गवतांचे दोन ढोबळ वर्ग करत : 'पास्तो दुरो' म्हणजे कठीण गवत आणि 'पास्तो तिएर्नो' म्हणजे कोवळे, मऊ गवत. जमिनीचा कस आणि भाव यांवरून ठरे. उंच, राठ, ठोंबांची गवते पहिल्या वर्गातली. ती जाळून नव्या फुटव्यांवर गुरे चारण्याची रीत होती, पण त्यांची मुद्दाम लागवड करावी असे कोणाच्या मनात आले नाही. चार्ल्स डार्विनने १८३३ च्या सप्टेंबरमध्ये बाइया ब्लांकाहून ब्वेनोस आयरेसपर्यंत घोड्यावरून प्रवास केला. ग्वार्दिया देल मोंते या ठाण्याजवळ राठ गवत संपून एकदम मऊ हिरवळ सुरू झालेली त्याला दिसली. जमीन बदलली असावी असे त्याला प्रथम वाटले. पण तिथल्या लोकांनी सांगितले की हा गुरांच्या चरण्याचा आणि शेणखताचा परिणाम आहे. त्याने हे आपल्या प्रवासवर्णनात नोंदवून ठेवले. त्याचे हे निरीक्षण एकट्या पॅम्पास गवताविषयी नाही, एकूण उंच गवतांविषयी आहे. पण त्यातून एवढे दिसते की चांगले कुरण म्हणजे उंच गवत गेलेली जागा, अशी त्या मुलुखातली जाण होती. ग्लासनेव्हिनला आणि सांता बार्बराला गवताचे बी पोचले, ही जाण पोचली नाही. वनस्पती बोटीतून जाते, तिच्याबद्दलचे शहाणपण बरेचदा धक्क्यावरच राहते.

चारा म्हणून निरुपयोगी ठरले असते आणि तिथेच राहिले असते तरी फारसे बिघडले नसते. पण आता नावातून गळालेल्या त्या 'डायोइका'कडे वळायला हवे. न्यूझीलंडचे वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्री कॉनर यांनी या प्रजातीच्या प्रजननाचा बारकाईने अभ्यास केला आणि त्याचे निष्कर्ष १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले. पॅम्पास गवतात काही झाडे निखळ मादी असतात. बाकीची उभयलिंगी असतात, म्हणजे त्यांच्या फुलांत दोन्ही अवयव असतात, पण ती बहुतांशी नराचेच काम करतात. स्वतः फार थोडे बी धरतात. म्हणजे श्प्रेंगेल यांचे नाव काटेकोरपणे नसले तरी व्यवहारात बरोबर होते. नुसत्या माद्या असतील तोवर सगळे शांत. बियांपासून केलेली रोपे बागांत येऊ लागली की दोन्ही प्रकारची झाडे जवळ येतात, परागण होते आणि एका मादी तुऱ्यात लाखभर बी धरू शकते. केसाळ, वाऱ्यावर तरंगणारे हे बी कित्येक किलोमीटर जाते आणि उघड्या, ओल्या मातीत रुजते.

कॅलिफोर्नियात हेच घडले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात किनाऱ्यालगतच्या टेकड्यांवर, रस्त्यांच्या कडांना, ओढ्यांत हे गवत आपोआप उगवू लागले. आज तिथे त्याची गणना अतिशय उपद्रवी परकीय वनस्पतींत होते. त्याच्या जोडीला अँडीज पर्वतातली त्याची बहीण कॉर्टाडेरिया जुबाटा हिचाही उपद्रव आहे. तिच्यात सगळी झाडे मादीच असतात आणि परागणावाचूनच बी धरतात. दोघी इतक्या सारख्या दिसतात की पुष्कळ वर्षे त्यांची गल्लत होत होती.

या ठिकाणी प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर ही कथा फारच सोयीची होईल. सरकारने चारा म्हणून लावले आणि ते रानोमाळ पसरले, असे एका ओळीत सांगण्याचा मोह होतो. पण २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक खुणांच्या अभ्यासाने रानटी गवताचा उगम मुख्यतः आसपासच्या बागांमधल्या लागवडीत असल्याचे दाखवले. म्हणजे मोठा दोष शोभेच्या हौसेकडे जातो. १९४६ च्या लागवडीचा दोष आमच्या मते वेगळा आहे : ज्या गुणांची खात्री करून घ्यायला हवी होती, त्यांची बागेतल्या लौकिकावर भिस्त ठेवली गेली. बागेत ते पसरत नव्हते म्हणून रानात पसरणार नाही, आणि गुरे तोंड लावतात म्हणून गुरे पोसतील. दोन्ही अनुमाने पाहिलेल्या गोष्टींवरून काढलेली होती आणि दोन्ही अपुरी होती. याच खात्याने त्याच काळात अमेरिकेच्या आग्नेय भागात कुडझू हा जपानी वेल शेतकऱ्यांना एकरी आठ डॉलरपर्यंत पैसे देऊन लावायला लावला होता. तोही १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात शोभेचा वेल म्हणून आला होता. गंमत अशी की कुडझू हा शेंगावर्गी असल्यामुळे चारा म्हणून खरोखरच चांगला होता. तरीही तो आवरेना, म्हणून १९५३ मध्ये शिफारशीच्या यादीतून काढावा लागला.

न्यूझीलंडमध्ये हे गवत शेतांच्या कडेला वाऱ्याला आडोसा म्हणून आणि अडीनडीचा चारा म्हणून लावले गेले. आडोशाचे काम त्याने उत्तम केले. पण उत्तर बेटावरील पाइनच्या लागवडींत ते घुसले आणि लहान रोपांचे पाणी व प्रकाश पळवू लागले. वाळक्या पानांच्या ढिगांमुळे वणव्याचे भय वाढले. मग १९८० च्या दशकात वनखात्यातील लोकांनी एक उपाय करून पाहिला : लागवडीत गुरे सोडायची. गुरे कोवळे पॅम्पास खातात आणि त्यामुळे ते काही प्रमाणात आटोक्यात राहते. म्हणजे चाऱ्यासाठी लावलेल्या गवताला शेवटी गुरांचा उपयोग झाला तो तण काढणारे म्हणून! त्यातही जास्त दिवस ठेवली तर गुरे पाइनची रोपेही तुडवतात आणि चावतात, म्हणून वेळ साधावी लागते. आज त्या देशात पॅम्पास गवताची विक्री आणि लागवड यांवर बंदी आहे. तिथल्या मूळच्या टोएटोए गवताशी त्याचे फार साम्य असल्याने उपटताना चुकून देशीच गवत उपटले जाते, ही आणखी एक डोकेदुखी.

दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणींमधून निघालेल्या मातीच्या ढिगाऱ्यांवर धूळ उडू नये म्हणून हे गवत लावण्यात आले होते. तिथूनही ते बाहेर पडले. स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर, कांताब्रिया प्रांतात, ते इतके माजले की २०१८ मध्ये युरोपीय संघाच्या मदतीने ते काढण्याची मोठी मोहीम सुरू करावी लागली. हा प्रदेश गाईंसाठी आणि हिरव्या कुरणांसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या गाईंनी हे गवत खाऊन संपवले नाही, यावरून काय ते समजावे.

आमच्या विद्यार्थ्याला आम्ही थोडक्यात सांगितले : कोवळे असताना घालता येईल, पण ते फार काळ कोवळे राहत नाही, आणि जून झाल्यावर कडब्याइतकेही ते जनावराला देत नाही. त्याचा लगेच दुसरा प्रश्न आला : या तुऱ्यात बी आहे का? हे पाहायला सोपे आहे. काळ्या कागदावर तुरा हलक्या हाताने झटका. खाली पडलेली केसाळ फुले चिमटीत चुरगाळून भिंगाखाली धरा. नुसता भुसा निघाला तर तुरा परागण न झालेल्या मादीचा किंवा दुसऱ्या प्रकारच्या झाडाचा आहे. भुशात तपकिरी, लांबट, दोन-एक मिलिमीटरचे दाणे दिसले तर ते बी आहे. असे दाणे सापडले तर तुरा, कागद आणि खाली सांडलेला कचरा एकत्र करून जाळून टाकावा. खिडकीतून झटकू नये.